परीक्षेला पुस्तके न्यावीत, पण किती?

एप्रिल आणि ऑक्टोबरमधल्या एका ठरलेल्या शुक्रवारी सकाळी अमेरिकेतल्या शहरोशहरी, मोठ्या सभागृहांच्या दारात, वर्षानुवर्षे तीच गर्दी जमत असे. नोकरीत चार-पाच वर्षे काढलेले इंजिनिअर चाकांच्या बॅगा, प्लास्टिकचे क्रेट आणि सामान वाहायच्या हातगाड्या ओढत रांगेत उभे राहत. त्या सगळ्या सामानात पुस्तके भरलेली असत. परीक्षा प्रोफेशनल इंजिनिअरच्या परवान्याची, म्हणजे पीईची. सकाळी चार तास चाळीस प्रश्न, दुपारी चार तास आणखी चाळीस, आणि समोर हवी ती पुस्तके उघडून बसायची मोकळीक. या मोकळिकीमुळे उमेदवारापुढे महिनोन्‌महिने आधीच एक प्रश्न उभा राही: बरोबर काय न्यायचे आणि काय घरी ठेवायचे?

हा प्रश्न आता निकालात निघाला, असे म्हणणारे भेटतील. पीईच्या मोठ्या शाखा एकामागोमाग एक संगणकावर गेल्या. केमिकल जानेवारी २०१८ मध्ये गेली, मेकॅनिकल २०२० मध्ये, सिव्हिल जानेवारी २०२२ मध्ये. स्ट्रक्चरलची दोन दिवसांची परीक्षा कागद-पेन्सिलवर शेवटची झाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये. आता परीक्षाकेंद्रच संदर्भग्रंथ पडद्यावर देते आणि स्वतःचे पुस्तक आत नेता येत नाही. तरीही प्रश्न संपलेला नाही, असे माझे मत आहे. हातगाडीवर चाळीस पुस्तके नेणारा नापास होई आणि दोन पुस्तके व एक जाड फाइल नेणारा पास होई. त्यामागचे कारण आजच्या पडद्यावरच्या परीक्षेलाही जसेच्या तसे लागू पडते. पुस्तक आत असणे वेगळे आणि त्यातले हवे ते पान अर्ध्या मिनिटात समोर येणे वेगळे. या परीक्षेत उपयोग दुसऱ्या गोष्टीचा होतो.

मुळात अशा परीक्षेत पुस्तके चालतात तरी का? याचे उत्तर परवान्याच्या इतिहासात आहे. वायोमिंग राज्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाण्याच्या हक्कासाठी जे अर्ज येत, त्यांना जोडलेले नकाशे वकील, नोटरी आणि वाटेल ते लोक इंजिनिअर म्हणून सही करून देत होते. त्या राज्याने १९०७ साली अमेरिकेतला इंजिनिअरांच्या परवान्याचा पहिला कायदा केला आणि चार्ल्स बेलामी हे देशातले पहिले परवानाधारक इंजिनिअर ठरले. पुढचे काही कायदे दुर्घटनांनंतर आले. कॅलिफोर्नियात १२ मार्च १९२८ च्या मध्यरात्रीच्या सुमारास सेंट फ्रान्सिस धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे वाहून गेली. पुढच्याच वर्षी तिथे इंजिनिअरांच्या नोंदणीचा कायदा झाला. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत १८ मार्च १९३७ रोजी साचलेल्या गॅसचा स्फोट झाला. त्यात जवळजवळ तीनशे जण गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. टेक्सासने त्याच वर्षी कायदा केला.

अशा घटनांतून आलेल्या परवान्याला माणसाचे पाठांतर तपासून काही साधत नाही. ज्याच्या शिक्क्यावर पूल उभा राहणार, तो कचेरीत कोड, म्हणजे डिझाइनच्या नियमांचे पुस्तक, उघडा ठेवूनच हिशेब करतो, आणि त्याने तसाच करावा अशी अपेक्षा असते. आठवणीवर विसंबून तुळईची सळई ठरवणारा इंजिनिअर धोकादायक समजला पाहिजे. म्हणून परीक्षेतही पुस्तके आली. राज्यांच्या मंडळांची मध्यवर्ती संस्था, म्हणजे एनसीईईएस, १९२० पासून आहे. प्रश्न तीच काढते. परवाना मात्र प्रत्येक राज्य आपापला देते. त्यामुळे कागदाच्या काळात सभागृहात काय चालेल याचे बारीकसारीक नियमही राज्यागणिक बदलत.

आता वेळेचा हिशेब पाहू. ऐंशी प्रश्नांना ४८० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला सहा. प्रत्येक प्रश्नामागे शोधाशोधीत दोन मिनिटे गेली तर १६० मिनिटे, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास वेळ पाने उलटण्यातच जातो. एक तृतीयांश परीक्षा संपली आणि अजून एकही आकडा मांडलेला नाही. याच्या उलट, जो वीस सेकंदांत पानावर पोहोचतो त्याचा या कामात अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळ जातो. वाचलेला दोन तासांहून अधिक वेळ त्याला प्रश्न दुसऱ्यांदा वाचायला मिळतो. या परीक्षेत प्रश्न नीट न वाचल्याने जाणारे गुण बरेच असतात, कारण चुकीच्या पर्यायांमध्ये नेहमीच्या चुकांची उत्तरे मुद्दाम ठेवलेली असतात. व्यास आणि त्रिज्या यांची गल्लत केलीत, तर त्या गल्लतीचे उत्तरही पर्यायांत बसलेले असते.

म्हणून पुस्तकांचा ढीग ही परीक्षेची तयारी नव्हे. प्रत्येक जादा पुस्तक म्हणजे शोधायची आणखी एक जागा. पाण्याच्या प्रवाहाचे मॅनिंगचे सूत्र पाच पुस्तकांत असेल तर पाचांपैकी कुठे पाहायचे हे ठरवण्यातच वेळ जातो, आणि दोन पुस्तकांत चिन्हे वेगळी निघाली तर मनात शंका घर करते.

सिव्हिलच्या उमेदवारांजवळ हमखास दिसणारे पुस्तक म्हणजे मायकेल लिंडेबर्ग यांचे सिव्हिल इंजिनिअरिंग रेफरन्स मॅन्युअल. कॅलिफोर्नियातल्या पीपीआय या प्रकाशनाचे हजाराहून अधिक पानांचे हे बाड. पाण्यापासून पोलादापर्यंत सगळे विषय एकाच जागी, पुढच्या पानांवर एककांचे कोष्टक आणि शेवटी अतिशय बारकाईने केलेली सूची. मेकॅनिकलसाठीही त्यांचेच तसे पुस्तक आहे. इंद्रनील गोस्वामी यांचे सिव्हिलचे ऑल-इन-वनही अनेकांनी वापरले. यांपैकी कोणते घ्यावे यावर उमेदवारांत वाद होत. माझ्या मते तो वाद फारसा महत्त्वाचा नव्हता. जे पुस्तक घेऊन सहा महिने गणिते सोडवली, ज्याच्या पानांच्या कडा मळल्या, ते चांगले. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उसने आणलेले उत्तम पुस्तकही बिनकामाचे.

लिंडेबर्ग वापरणाऱ्यांनी शोधून काढलेली एक युक्ती मला फार आवडते. पुस्तकाच्या शेवटची सूची वेगळी छापून वेगळी बांधायची. मग सूची एका हाताला आणि पुस्तक दुसऱ्या हाताला. शेवटच्या पानांकडे जाऊन पुन्हा मधल्या पानाकडे येण्याची कसरत वाचते आणि आधीचे उघडलेले पान हरवत नाही. खर्च शे-दोनशे पाने छापण्याचा आणि फायदा प्रत्येक प्रश्नाला. बाजारातली महागडी साधने एवढा फायदा क्वचितच देत.

सामानातला दुसरा थर कोडांचा, आणि सगळ्यात घातक चुका इथेच होत. एनसीईईएस परीक्षेआधी जाहीर करते की कोणत्या कोडच्या कोणत्या आवृत्तीवर प्रश्न असतील. आवृत्ती चुकली तर उत्तर चुकते, मग गणित कितीही बरोबर असो. एएससीई ७ या भारांच्या मानकाची २००५ ची आवृत्ती आणि २०१० ची आवृत्ती शेजारी ठेवून पाहा. २०१० मध्ये वाऱ्याच्या वेगाचे नकाशेच बदलले, वेगाचे आकडे वाढले आणि भारांच्या बेरजेत वाऱ्याचा गुणक १.६ वरून १.० वर आला. जुना गुणक नव्या नकाशाला लावला की भार दीडपटीहून जास्त येतो. आधी वाऱ्याचे सगळे सहाव्या प्रकरणात होते, ते आता सव्वीस ते एकतीस अशा सहा प्रकरणांत पसरले. काँक्रीटच्या एसीआय ३१८ ची २०१४ ची आवृत्ती तर मुळापासून नव्याने रचली गेली. पूर्वी वाकणे, कातर अशा क्रियांनुसार असलेली प्रकरणे आता बरीचशी तुळई, स्तंभ, स्लॅब अशा घटकांनुसार आली. जुन्या आवृत्तीवर हात बसलेला माणूस नव्यात चाचपडू लागला.

विजेच्या शाखेत याच्याही पुढचा प्रकार आहे. तारांच्या क्षमतेचे सर्वांत जास्त वापरले जाणारे कोष्टक नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये २००८ पर्यंत ३१०.१६ होते. २०११ मध्ये त्याला ३१०.१५(बी)(१६) असा लांबलचक क्रमांक मिळाला आणि २०२० मध्ये ते पुन्हा ३१०.१६ झाले. हा कोड दर तीन वर्षांनी बदलतो. पॉवरच्या उमेदवाराला एकच कोड न्यायचा असे तर तो हाच, आणि त्याच्या पाठीमागची सूची चांगल्या ओळखीची झालेली लागे.

महाराष्ट्रात शिकलेल्या स्थापत्य अभियंत्याला हे नवे वाटू नये. आयएस ८०० च्या १९८४ च्या आवृत्तीवर शिकलेली पिढी आणि २००७ च्या आवृत्तीवर शिकलेली पिढी पोलादाचे डिझाइन वेगवेगळ्या विचाराने करतात. पहिली कार्यकारी ताणाने, दुसरी मर्यादा-अवस्थेने. आपल्याकडे आरसीसीच्या पेपरला आयएस ४५६ आणि पोलादाच्या पेपरला स्टील टेबल न्यायची परवानगी असते. मशीन डिझाइनला कोइमतूरच्या पीएसजी महाविद्यालयाचे डेटा बुक चालते, थर्मलला स्टीम टेबल. म्हणजे खुल्या पुस्तकाची चव आपल्या विद्यार्थ्याने घेतलेली असते, पण एखाद-दुसऱ्या पुस्तकापुरती आणि तीही चार-पाच प्रश्नांसाठी. बरेच जण तो कोड परीक्षेच्या सकाळी वरच्या वर्गातल्या कुणाकडून उसना घेतात आणि पहिल्यांदा हॉलमध्ये उघडतात. ही सवय पीईला अंगाशी येते.

भारतातून गेलेल्या इंजिनिअरसाठी आणखी एक पान अत्यावश्यक होते आणि त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे: एककांचे पान. आपण मीटर, किलोन्यूटन आणि पास्कलमध्ये वाढलो. पीईचे बहुतेक प्रश्न फूट, किप, गॅलन आणि पौंडांत येतात. पाण्याचे वजन घनफुटाला ६२.४ पौंड. एका पीएसआयचा दाब म्हणजे २.३१ फूट उंचीचा पाण्याचा स्तंभ. सेकंदाला एक घनफूट प्रवाह म्हणजे मिनिटाला ४४८.८ गॅलन. दिवसाला दहा लाख गॅलन म्हणजे सेकंदाला १.५४७ घनफूट. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. मॅनिंगच्या सूत्रात मेट्रिकमध्ये जिथे १ असतो तिथे १.४९ येतो, आणि तो विसरला की प्रवाह एक तृतीयांशाने कमी पडतो. सांडपाण्याच्या गणितात प्रतिलिटर मिलिग्रॅमला दिवसाच्या दशलक्ष गॅलनांनी गुणायचे आणि पुन्हा ८.३४ ने, तेव्हा पौंड मिळतात. हा ८.३४ म्हणजे एक गॅलन पाण्याचे पौंडांतले वजन. अमेरिकेत शिकलेल्याच्या हे आकडे अंगवळणी पडलेले असतात. आपल्या माणसाने ते एका पानावर स्वतःच्या हाताने लिहून काढावेत, कारण मोठ्या पुस्तकातले एककांचे कोष्टक शेकडो ओळींचे असते आणि त्यातल्या वीसच लागतात.

शाखेप्रमाणे सामान बदलत असे. मेकॅनिकलमध्ये वातानुकूलनाचा पेपर देणाऱ्याला सायक्रोमेट्रिक चार्ट हवाच, आणि समुद्रसपाटीच्या चार्टबरोबर उंचावरच्या गावांसाठी पाच हजार फुटांचाही. बाष्पाची कोष्टके पौंड-फॅरनहाइटमधली, शीतकांचे दाब-एन्थॅल्पीचे आलेख, नळांसाठी क्रेन कंपनीचे टीपी-४१० आणि मशीन डिझाइनला शिगली यांचे पुस्तक. आलेख वाचायला पारदर्शक पट्टी जवळ असेल तर फार उपयोगी पडे. केमिकलवाल्यांचा भरवसा पेरीच्या हँडबुकवर. वाहतुकीच्या शाखेला हायवे कपॅसिटी मॅन्युअल आणि रस्त्यांच्या भूमितीचे ग्रीन बुक. स्ट्रक्चरलवाल्यांचे ओझे सर्वांत जड, कारण काँक्रीट, पोलाद, लाकूड आणि विटांचे बांधकाम या चारही साहित्यांचे कोड, वर भारांचे मानक आणि पुलांसाठीचे एएएसएचटीओचे मानक. त्यातही पोलादाच्या एआयएससी मॅन्युअलमधले ३-२३ क्रमांकाचे कोष्टक, म्हणजे वेगवेगळ्या टेकूंच्या आणि भारांच्या तुळयांची कातर, नमन आणि वाक यांची सूत्रे, काँक्रीट आणि लाकडाच्या गणितातही तितकेच कामी येई. त्या एका पानाला खूणपट्टी नसलेला स्ट्रक्चरलचा उमेदवार सापडणे कठीण होते.

सर्वांत मोलाची वस्तू मात्र दुकानात मिळत नसे. ती म्हणजे स्वतः तयार केलेली फाइल. सराव करताना जे सूत्र तीनदा शोधावे लागले ते एका पानावर, जो प्रकार दरवेळी चुकला त्याचे एक सोडवलेले उदाहरण पुढच्या पानावर, आणि सुरुवातीला स्वतःच्या शब्दांतली अनुक्रमणिका. वर्षभर असे करत गेले की दोन-तीनशे पानांची फाइल तयार होते आणि परीक्षेतल्या बऱ्याचशा प्रश्नांना तीच पहिली उघडली जाते. स्वयंपाकघरात कोणता डबा कुठल्या फळीवर आहे हे घरच्या बाईला दिवा न लावता कळते, तसे या फाइलचे होते. फाइल तयार करण्यातच अभ्यास होऊन जातो, म्हणून दुसऱ्याची फाइल झेरॉक्स करून नेणाऱ्याला तिचा अर्धाही उपयोग होत नसे.

या फाइलला नियमांची चौकट होती. सुटा कागद चालत नसे. सगळी पाने रिंगांच्या फाइलमध्ये, स्पायरलमध्ये किंवा अन्य पक्क्या बांधणीत हवीत. काढून पुन्हा चिकटवता येणाऱ्या सुट्या चिठ्ठ्या बंद. कडेला घट्ट बसवलेल्या खूणपट्ट्या चालत. परीक्षा सुरू झाल्यावर स्वतःच्या पुस्तकात एक अक्षरही लिहायचे नाही, सगळे कच्चे काम प्रश्नपत्रिकेच्या पुस्तिकेत. लिहायला पेन्सिल एनसीईईएसच देई आणि दुसरी वापरता येत नसे. हे सगळे प्रश्न बाहेर जाऊ नयेत म्हणून. काही राज्यांत नुसत्या सोडवलेल्या गणितांच्या संग्रहांनाही मनाई होती. म्हणून आपल्या राज्याच्या मंडळाचे नियम वाचणे हे सामान भरण्याआधीचे काम होते.

खूणपट्ट्यांबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. पुस्तकाला शंभर पट्ट्या लावल्या की एकही दिसत नाही. प्रकरणांना एक रंग, कोष्टकांना दुसरा आणि हमखास लागणाऱ्या पंधरा-वीस पानांना तिसरा, एवढे पुरे. बाकीचे सूचीवर सोपवावे.

कॅल्क्युलेटरची गोष्ट वेगळी, कारण ती एकच वस्तू कागदाच्या काळातून संगणकाच्या काळात तशीच आली आहे. मजकूर साठवू शकणाऱ्या यंत्रांतून प्रश्न चोरीला जाण्याची भीती वाढल्यावर एनसीईईएसने मोजकी मॉडेल ठरवून दिली. नावात एफएक्स-११५ किंवा एफएक्स-९९१ असलेले कॅसिओ, एचपीचे ३३एस आणि ३५एस, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-३०एक्स आणि टीआय-३६एक्स. मराठी इंजिनिअरला यात एक सोय आहे. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात असणारा एफएक्स-९९१ याच यादीत आहे आणि त्याची बटणे बोटांना पाठ असतात. नवा घेऊ नये. तोच न्यावा आणि समीकरण सोडवण्याची सोय, संमिश्र संख्या आणि स्मृतीची बटणे पुन्हा एकदा घोटावीत. कागदाच्या परीक्षेत शहाणी माणसे एकाच मॉडेलचे दोन नेत. एक बंद पडला तर दुसऱ्यावर हात अडखळू नये म्हणून.

शरीराच्या गरजांवर थोडक्यात. सभागृह थंडगार असे म्हणून अंगात घालायला काहीतरी, शेजारच्याच्या पाने उलटण्याचा त्रास होऊ नये म्हणून कानात घालायचे बोळे आणि आवाज न करणारे खाणे. मोबाइल मात्र कोणत्याही परिस्थितीत नाही.

आता आजची परिस्थिती. पीई पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रांत होते. स्वतःचे म्हणून आत नेता येते ते एवढेच: सरकारी ओळखपत्र, परवानगी असलेला कॅल्क्युलेटर, चष्मा, एखादे साधे स्वेटर. घड्याळ, पाकीट, फोन लॉकरमध्ये. कच्च्या कामाला पुसून वापरायची पुस्तिका आणि मार्कर केंद्र देते. पडद्यावर एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला एनसीईईएसचे त्या शाखेचे संदर्भपुस्तक आणि लागू असलेले कोड.

हा बदल चांगला की वाईट, यावर जुन्या उमेदवारांत मतभेद आहेत. मी बदलाच्या बाजूने आहे आणि कारण पैशांचे आहे. स्ट्रक्चरलचे सगळे कोड विकत घ्यायचे तर डॉलरचा आकडा चार अंकी होई. मोठ्या कंपनीत काम करणाऱ्याला कचेरीच्या ग्रंथालयातून ते मिळत, छोट्या गावातल्या एकट्या सल्लागाराला आणि नुकत्याच आलेल्या परदेशी इंजिनिअरला मिळत नसत. आता सगळ्यांसमोर तेच पान येते. परीक्षेच्या पायरीवर ही विषमता मिटली, हे मोठे काम झाले.

गमावले तेही खरे आहे. स्वतःची फाइल गेली आणि तिच्यासोबत ती तयार करण्याची शिस्तही अनेकांची सुटली. उमेदवार समजतात की शोधायला संगणक आहे, मग कशाला वाचा? इथेच फसगत होते. शोधपट्टी तुम्ही टाकलेला शब्दच शोधते, तुमच्या मनातली कल्पना शोधत नाही. पुस्तकात ज्याला एका नावाने म्हटले आहे ते तुम्ही कॉलेजात शिकलेल्या दुसऱ्या नावाने टाकले की काही सापडत नाही, आणि साधा शब्द टाकला तर डझनावारी ठिकाणे समोर येतात. कोडही अखंड एका फाइलमध्ये मिळत नाहीत, ते प्रकरणाप्रकरणाने उघडतात. म्हणजे कोणते प्रकरण उघडायचे हे आधी माहीत असावे लागते. भारतात शिकलेल्याला याचा त्रास जास्त, कारण आपली कित्येक नावे ब्रिटिश वळणाची आणि त्यांची अमेरिकन.

म्हणून फाइल आत नेता येत नसली तरी ती करावीच, असे मी आग्रहाने सांगेन. फक्त तिच्यात आता सूत्रे कमी आणि पत्ते जास्त हवेत: हा प्रकार संदर्भपुस्तकाच्या कोणत्या प्रकरणात आहे, तिथे त्याला काय म्हणतात, कोणता शब्द टाकला की तो पहिल्या झटक्यात सापडतो. शिवाय एककांचे पान आता पाठ करावे, कारण ६२.४ शोधायला पडद्यावर जाणे म्हणजे वेळ घालवणे. सराव छापील पानांवर करू नये. संदर्भपुस्तकाची पीडीएफ मोठ्या पडद्यावर अर्ध्या भागात उघडून, दुसऱ्या अर्ध्यात गणिते ठेवून करावा. हात जिथे सरावेल तिथेच परीक्षेच्या दिवशी चालेल.

आपल्याकडच्या परीक्षांनाही हा सगळा अनुभव उपयोगी आहे. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ऊर्जा लेखापरीक्षकाच्या परीक्षेतला चौथा पेपर पुस्तके उघडून द्यायचा असतो. बॉयलर, पंप, कॉम्प्रेसर यांच्या कार्यक्षमतेची गणिते त्यात येतात. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत आणि औद्योगिक वसाहतींत काम करणारे कितीतरी इंजिनिअर तो देतात. तिथे अजूनही छापील पुस्तक आणि स्वतःची खूणपट्टी यांचे राज्य आहे, तेव्हा वर सांगितलेले वेगळ्या सूचीचे, मोजक्या पुस्तकांचे आणि स्वतःच्या फाइलचे सगळे त्या पेपरला तसेच्या तसे करता येईल. आपल्या विद्यापीठांनीही आरसीसीच्या पेपरला नुसता आयएस ४५६ नेऊ देऊन थांबू नये. कोड वाचायला वर्गात शिकवावे, सूचीवरून कलम गाठण्याचा सराव घ्यावा. आज बहुतेक विद्यार्थी तो कोड पेपरमध्ये कोष्टकांपुरताच उघडतात.

अमेरिकेत परवाना मिळवू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी शेवटी क्रम सांगतो. भारतीय पदवीचे मूल्यमापन बहुतेक ठिकाणी करून घ्यावे लागते आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा ते आधी सुरू करा. ज्या राज्यात परवाना हवा आहे त्या मंडळाच्या अटी वाचा, कारण अनुभवाची वर्षे परीक्षेआधी हवीत की नंतर चालतील हे राज्याराज्यांत वेगळे आहे. पीईच्या आधी एफई ही परीक्षा असते, ११० प्रश्न आणि पाच तास वीस मिनिटांची. तिथेही एनसीईईएसचेच संदर्भपुस्तक पडद्यावर असते, म्हणून तिला पीईची रंगीत तालीम समजून शोधण्याची सवय तिथेच लावून घ्या. एनसीईईएसच्या संकेतस्थळावर खाते उघडले की दोन्ही परीक्षांची संदर्भपुस्तके फुकट उतरवून घेता येतात. क्लासची फी भरण्याआधी ते पुस्तक उघडा आणि त्याची अनुक्रमणिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढा.